तराफ्याची ओढ

घोडे वाढवा, एवढंच सावरदेवच्या माणसांचं म्हणणं होतं. तराफा हळू चालतो ना? मग घोडे वाढवा. एका बैलानं गाडी ओढेना की दुसरा जुंपायचा, त्यात काय मोठं शास्त्र आलंय!

घोडे म्हणजे मशीनची ताकद, हॉर्सपॉवर. कोयनेच्या पाण्यावर डिझेलला बंदी येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. सगळ्या लाँचा आणि तराफे बॅटरीवर गेले होते, पण माणसं मशीन मोजायची ती घोड्यांतच. तर ग्रामपंचायतीनं साठ घोड्यांचं मशीन काढून एकशेवीस घोड्यांचं बसवलं, नारळ फोडला, पेढे वाटले. सावरदेव ते पिंपरोळी हे नऊ किलोमीटर पाणी कापायला आधी सत्तर मिनिटं लागायची. घोडे दुप्पट केल्यावर बासष्ट लागायला लागली. दुपटीला आठ मिनिटं! वाटलेले पेढे कुणाला गोड लागले नाहीत.

तराफा चालवायची सुवर्णा उतेकर. वय शेहेचाळीस, अंगानं काटक, बोलण्यात फटकळ. तिचा नवरा दत्ता लग्नाआधीपासून नवी मुंबईत माथाडीच्या कामावर. त्या काठाच्या बहुतेक घरांची हीच रीत, पुरुष मुंबईला आणि बायका पाण्याशी. दत्ता वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि जत्रेला. सुवर्णाच्या हातात सुकाणू दिलं ते तिच्या सासऱ्यांनी, ज्ञानूआबांनी. आबांनी तीस वर्षं याच पाण्यावर लाँच चालवली. "लेकाला पाण्याची गोडी न्हाय, तर सुनंनं धरावं. सुकाणूला काय मिशा लागत्यात व्हय?" असं ते भर ग्रामसभेत म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून सुवर्णाला हे सासरे सख्ख्या बापापेक्षा जवळचे वाटू लागले.

आता तेच आबा आजारी होते. मूत्रपिंडं हळूहळू काम सोडत चालली होती. पिंपरोळीच्या पुढं वीस मिनिटांवर मोठ्या गावात डायलिसिसचं केंद्र होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जानेवारीपासून आठवड्यातून तीनदा मशीनवर घ्यावं लागेल. पण केंद्राचा एक नियम होता. पेशंट घरापासून तासाभरात केंद्रावर पोचला पाहिजे, तरच त्याचं नाव नोंदायचं. मधेच काही बिघडलं तर माणूस हाताशी हवा, म्हणून नियम. नियम काही वाईट नव्हता. पण आबांचं घर ते धक्का दहा मिनिटं, पलीकडून जीपनं वीस मिनिटं. पाण्याच्या वाट्याला उरली तीस.

"बासष्ट आणि तीस," दत्ता फोनवर म्हणाला, "हिशेब सरळ आहे, सुवर्णा. मी कोपरखैरण्याला सोय केली आहे. चालत पाच मिनिटांवर डायलिसिस सेंटर आहे. एक तारखेच्या आत आबांना घेऊन येतो."

"आन् आबांना इचारलं का?"

"विचारून काय होणार? ते नाहीच म्हणणार."

ते खरंच होतं. आबा नाहीच म्हणाले. सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते पूर्वी एकदा आठ दिवस राहिले होते आणि नवव्या दिवशी न सांगता एसटीत बसून परत आले होते. "मरंन तर हितं," म्हणायचे. सुवर्णाला त्यांचा राग यायचा आणि धास्तीही वाटायची. आबा गेले की घर खायला उठणार, आणि दत्ता आज ना उद्या म्हणणार की तूही ये. मग सुकाणू कुणाच्या हाती?

अशा वेळी, ऐन दिवाळीत, ओवी काळसेकर गावात आली. तिशीची, रत्नागिरीकडची, बोटींच्या बुडांचा अभ्यास करणारी इंजिनिअर. तिच्या संस्थेला नव्या तऱ्हेचा तराफा खऱ्या प्रवाशांवर चालवून बघायचा होता आणि सावरदेवला जलद तराफा हवा होता. पहिल्याच दिवशी तिनं सुवर्णाला एकशेवीस घोडे पूर्ण सोडायला सांगितलं आणि स्वतः कडेला पोटावर झोपून खाली बघत राहिली.

"सुवर्णाताई, जरा मागं बघा. शेपूट कसं खाली बसलंय."

सुवर्णानं वळून पाहिलं. तिला ते ठाऊकच होतं. मशीनला जोर दिला की तराफा नाक वर काढतो आणि मागून रुतून बसतो.

"बोट चालते तेव्हा पुढचं पाणी बाजूला सारते," ओवी म्हणाली. "ते सारलेलं पाणी म्हणजे लाट. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते, आणि एका वेगाला बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात सापडते. पुढं लाटेचा चढ, मागं खड्डा. आता जेवढे घोडे लावाल ते सगळे तो चढ चढायच्या खटपटीत खर्ची पडतात. शिवाय घोडे वाढवले की त्यांचा दाणा वाढतो."

"दाणा?"

"बॅटऱ्या. एकशेवीस घोड्यांसाठी तुम्ही किती बॅटऱ्या चढवल्या? सहाशे किलो जास्तीच्या. तेवढे पाइप पाण्यात आणखी बुडाले. बुडाले तेवढी पाण्याची पकड वाढली. म्हणजे घोडे वाढले आणि गाडीही जड झाली."

तराफा म्हणजे खाली दोन लांब पोकळ पाइप आणि वर सपाट फळी, एवढीच तर वस्तू. सुवर्णानं तो अकरा वर्षं चालवला होता, पण त्याच्या बुडाबद्दल असं कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. लोक विचारायचे ते एकच, किती घोडे?

ओवीच्या तराफ्याला तीन पाइप होते. जुन्यापेक्षा सडपातळ आणि लांब, म्हणजे लाट कमी उठेल. त्यांच्या पोटाला तिरप्या पट्ट्या होत्या. वेग आला की पाणी त्या पट्ट्यांवर आपटून तराफ्याला वर उचलणार. "एकदा का तो स्वतःच्या लाटेचा उंबरठा ओलांडून वर आला, की मग पाण्यातून जायचंच नाही, पाण्यावरून जायचं," ती म्हणाली. आणि मशीन? पुन्हा साठच घोड्यांचं! गावानं कपाळाला हात लावला.

पण खरी नवलाई होती ती पाइपांच्या कातड्यात. ओवीनं ते उतेकरांच्या अंगणात समजावलं, तेही परसातलं अळूचं पान तोडून. पानावर पाणी टाकलं, थेंब घरंगळला. मग तिनं अख्खं पान बादलीत बुडवून धरलं. पाण्याखाली पान चांदीसारखं चमकायला लागलं.

"ही चमक हवेची आहे, आबा. पानावरच्या बारीक लवेत हवा अडकून बसते. पाणी पानाला शिवतच नाही, हवेला शिवतं. आम्ही तशी लव असलेलं कातडं तयार केलंय. लवेची टोकं पाणी धरतात, बुडखे पाणी लांब ठेवतात, मधे हवेचा थर. निसटेल तेवढी हवा एक छोटा पंप भरत राहतो. पाण्याची ओढ तिसऱ्या हिश्श्यावर येते."

आबा खाटेवर बसून ऐकत होते. पाय सुजलेले, पण जीभ शाबूत.

"अळवावरचं पाणी!" ते म्हणाले. "ह्याचा अर्थ ठाव हाय का, बाय? घडीभर दिसतं आन् जातं. त्याच्यावर तू माणसं न्हेणार?"

"आबा, ओढ कमी करायला दुसरा उपाय नाही."

"ओढ काढाय लागलीस व्हय?" आबा हसले. "आगं, ओढ काढली तर नाव काठाला कशी लागंल? पाण्याला नावंची ओढ असती, म्हणून ती थांबती. माणसाचं तरी दुसरं काय असतं!"

ओवी नुसती हसली. म्हातारा कविता करतोय असं तिला वाटलं. आबा मात्र कविता बिविता काही करत नव्हते, ते रोजच्या कामाचं बोलत होते. हे कळायला महिना गेला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवा तराफा पाण्यात उतरला. सुवर्णानं मशीनला जोर दिला. नाक जरा उचललं, एक धक्का बसल्यासारखा झाला, आणि मग तराफा जो सपाट होऊन निघाला, की तिच्या डोक्यावरचा पदर उडून मानेवर आला. इतक्या वर्षांत या पाण्यावर वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी कधी काढलं नव्हतं. ती मोठमोठ्यानं हसायला लागली. पिंपरोळीचा काठ धावत जवळ येत होता.

पिंपरोळीच्या धक्क्याच्या अलीकडं शंभर मीटरवर काठाला एक जांभूळ आहे. आबांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, जांभळीच्या रेषेत आलं की मशीन सोडायचं, म्हणजे जोर काढून घ्यायचा. उरलेलं पाणी आपोआप करतं. तराफा हळूहळू मंदावत येतो आणि धक्क्याला असा टेकतो की उभ्या माणसाच्या हातातला चहा हलू नये. आख्ख्या काठावरचे चालक असंच करायचे. उलटं मशीन मारून थांबवणारा तो कच्चा, अशी समजूतच होती. अकरा वर्षं रोज चार खेपा सुवर्णानं जांभळीला मशीन सोडलं होतं. त्या दिवशीही हातानं आपोआप सोडलं.

तराफा मंदावला नाहीच. पाण्यानं त्याला धरलंच नाही. बर्फावरून घसरावं तसा तो सरळ धक्क्याकडं निघाला. ओवी ओरडली, सुवर्णानं सुकाणू गरकन फिरवलं, धक्का हातभरानं चुकला आणि तराफा पलीकडच्या चिखलात धाडकन घुसला. ओवीच्या कोपराला खरचटलं, मधल्या पाइपाच्या नाकाला पोचा आला. प्रवाशांच्या जागी वाळूची पोती होती म्हणून बरं, माणसं असती तर कुणाचे दात हातात आले असते.

सुवर्णा चिखलात गुडघाभर उभी होती. "मशीन सोडलं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "जांभळीलाच सोडलं!"

आबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी ओवीला बोलावलं आणि म्हणाले, "मी काय सांगत हुतो, बाय? ओढ नगो तवा नसावी. पर हवी तवा हवी."

ओवीनं कोपरावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "चूक माझी आहे, आबा. पळवायचा विचार केला, थांबवायचा केलाच नाही."

थांबवायची युक्ती सुवर्णाला सुचली. तिचं म्हणणं सरळ होतं. हवा भरणारा पंप उलटा फिरवला तर? कातड्यातली हवा आत ओढली जाईल, पाणी पाइपाला भिडेल, पाण्याची पकड परत येईल. ओवीनं दोन दिवस आकडेमोड केली, तिसऱ्या दिवशी सुकाणूशेजारी एक लाल मूठ बसवली. कागदावर तिचं नाव वायुशोषण नियंत्रक की असंच काहीतरी होतं. सुवर्णा तिला ओढ म्हणायची. आबांनी वर पुस्ती जोडली, ओढ देताना माणसांनी पुढं सरकावं. वजन पुढं आलं की नाक दबतं, फळीची पुढची कड पाण्यात घुसते आणि तराफा आणखी लवकर बसतो. पोती पुढं-मागं करून त्यांनी वीस-एक वेळा करून बघितलं. पूर्ण वेगातला तराफा साठ-सत्तर मीटरांत उभा राहायचा. तरीही ओवीचा आग्रह एकच, केंद्राची माणसं खेपेची वेळ मोजायला येतील त्या तपासणीच्या दिवशी ही मर्दुमकी नको. धक्का अर्धा किलोमीटर लांब असतानाच वेग कमी करायचा आणि सावकाश लागायचं. तसं केलं तर सव्वीस मिनिटं होत होती. चार मिनिटं हातात होती, घाई कशाला?

तपासणी ठरली एकोणतीस डिसेंबरला सकाळी आठला. केंद्राकडून डॉक्टर तांबोळी आले. बारीक मिशीचे, अबोल गृहस्थ. त्यांनी नियम सांगितला. चाळीस प्रवासी, दोन मोटारसायकली. सावरदेवचा दोर सुटल्यापासून पिंपरोळीचा दोर बांधेपर्यंत तीस मिनिटांच्या आत. संधी एकच. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

आबांना सहा महिने नव्हते. दत्ता आदल्या रात्रीच गाडी घेऊन पिंपरोळीला येऊन थांबला होता. ठरलं होतं ते असं, की तीस मिनिटांच्या वर गेलं तर आबांनी तिथूनच गाडीत बसायचं, माघारी यायचंच नाही. म्हणून आबांची कपड्यांची पिशवी तराफ्यावरच होती. आबा सुवर्णाच्या शेजारी बाकावर बसले होते, टोपी घातलेली, काठी दोन्ही हातांत घट्ट. निघताना त्यांनी घराच्या दाराची कडी स्वतः लावली होती आणि ती दोनदा ओढून बघितली होती, हे सुवर्णानं पाहिलं होतं.

धुकं वर सरकलं. दोर सुटला. तांबोळींनी घड्याळाचं बटण दाबलं.

तराफा तीनशे मीटरही गेला नसेल, तोच मागून हाक आली.

"सुवर्णेऽऽ! थांब गंऽऽ!"

इथं त्या काठाची एक रीत सांगितली पाहिजे. धरणाचं पाणी चढलं आणि पलीकडच्या वाड्यांचे रस्ते बुडाले, तेव्हापासूनची ही रीत. सावरदेवला दुसरी वाट नाही. वरच्या वाडीची माणसं दोन-दोन तास डोंगर उतरून येतात, आणि तराफा चुकला की त्यांचा दिवस गेला. त्यामुळं काठावरून हाक आली की तराफा माघारी फिरतो. कुणासाठीही फिरतो. भांडण असलेल्यासाठीही फिरतो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण ज्यानं हाक ऐकून सुकाणू फिरवलं नाही त्याच्या तराफ्यावर लोक परत पाय ठेवत नाहीत.

हाक होती हौसाक्काची. वरच्या वाडीची, साठी उलटलेली, लेकीकडं निघालेली. डोक्यावर भलामोठा भोपळा आणि हात हवेत.

सुवर्णानं मागं वळून पाहिलं. चाळीस माणसं तिच्याकडं बघत होती. तांबोळींनी घड्याळातून डोकं वर काढलं नाही.

"सुवर्णा," आबा हळूच म्हणाले. ओठ तिच्या कानाशी आणून म्हणाले. "ऐकू आलं न्हाय म्हण."

सुवर्णानं त्यांच्याकडं पाहिलं. हेच ते आबा. एकदा भर पावसात एका शेळीवाल्यासाठी अर्ध्या पाण्यातून लाँच माघारी आणणारे. आज त्यांचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

"आज एकडाव," आबा म्हणाले. "मला न्हाय जायाचं गं त्या सातव्या मजल्यावर. चल तू म्होरं."

सुवर्णाला रडू फुटलं. तिलाही हेच हवं होतं. तिलाही जायचं होतं पुढं, आबांना घरी ठेवायचं होतं, सगळ्या जगापेक्षा जास्त हवं होतं. हाक ऐकू आली नाही असं म्हणणं किती सोपं होतं! मशीनचा आवाज आहे, वारा आहे, कोण विचारणार?

मागं हौसाक्का अजून हात हलवत उभी होती. तिनं पुन्हा हाक मारलीही नव्हती. तराफा फिरणार, यात तिला शंकाच नव्हती.

सुवर्णानं नाक पुसलं आणि सुकाणू फिरवलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

"आगं, एवढी गर्दी कसली आज?" हौसाक्का चढता चढता म्हणाली. दोघांनी भोपळा घेतला, दोघांनी तिला घेतलं. भोपळा आणि आक्का मिळून चांगलं शंभर किलो झालं असेल. दोर पुन्हा सुटला, तेव्हा तांबोळींच्या घड्याळात सहा मिनिटं होऊन गेली होती.

"चोवीस उरली," ओवी म्हणाली. "सुवर्णाताई, सावकाश लागलो तर सव्वीस लागतात."

"मग सावकाश न्हाय लागायचं," सुवर्णा म्हणाली. तिनं बसल्या माणसांवर एक नजर फिरवली. "आक्का, तुमी मधल्या बाकावर. मोटारसायकली दोन हात पुढं घ्या. आन् कुणी उभं ऱ्हायचं न्हाय. सांगीन तवाच हलायचं."

वजन नीट बसलं की तराफा लवकर वर येतो, हे तिला आता वाचून नव्हे, पायांना कळत होतं. तिनं साठच्या साठ घोडे सोडले. नाक उचललं, लाटेचा उंबरठा आला, तराफा क्षणभर अडखळला, आणि हौसाक्कासकट, भोपळ्यासकट वर निघाला. खाली पाइपांभोवती चांदीची चमक पळत होती. बायकांनी पदर तोंडाशी धरले. कुणीतरी "चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली आणि मग सगळेच ओरडायला लागले.

अर्धा किलोमीटर उरला, तेव्हा ओवीनं तिच्याकडं पाहिलं. इथंच वेग कमी करायचा होता. सुवर्णानं नकारार्थी मान हलवली. ओवीनं एकदा पाणी बघितलं, एकदा माणसं बघितली, आणि मनात काहीतरी हिशेब करून म्हणाली, "पोत्यांनी सत्तर मीटर घेतले होते. आज वजन जास्त आहे. नव्वद धरा."

"जांभूळ शंभरावर हाय," सुवर्णा म्हणाली.

धक्का मोठा होत गेला. धक्क्यावर उभा असलेला दत्ता दिसायला लागला, तो दोन्ही हात हलवून हळू, हळू म्हणत होता. आबांनी डोळे उघडले होते. जांभूळ रेषेत आलं आणि सुवर्णाच्या आधी आबाच गरजले,

"समदी म्होरं सरका! बसून सरका! सुवर्णा, ओढ दे!"

तिनं मशीन सोडलं आणि लाल मूठ खाली खेचली. पंप घरघरला. खालची चमक विझली. फळीची पुढची कड पाण्यात घुसली आणि पाण्यानं तराफ्याला असं काही धरलं, की सगळी माणसं एकदम पुढं झुकली. पाण्याचा एक मोठा लोट पुढच्या रांगेवर आला. तराफा बसला, मंदावला, आणखी मंदावला, आणि धक्क्याच्या टायरांना जरा जोरानं टेकून उभा राहिला. अगदी चहा न सांडण्याइतकं हळुवार नव्हतं, पण पडलं कुणी नाही. दोर फेकला गेला. दत्तानंच तो झेलला आणि बांधला.

तांबोळींनी बटण दाबलं, चष्मा पुसला, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"एकोणतीस मिनिटं, पस्तीस सेकंद," ते म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "तपासणी चालू असताना परत का फिरलात, बाई?"

"हाक आली, साहेब."

तांबोळींनी कागदावरची ओळ पूर्ण केली. मग म्हणाले, "उतेकर ज्ञानू, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेनऊ. उशीर करू नका."

एकच गलका झाला. ओवीनं सुवर्णाला मिठी मारली आणि दोघी भिजलेल्या तशाच हसत रडत राहिल्या. आबा मात्र बाकावरून उठले, काठी टेकत हौसाक्कापाशी गेले. आक्का लुगडं पिळत होती.

"आक्का," आबा म्हणाले, "मी हिला म्हनलं हुतं, थांबू नगो. ऐकू आलं न्हाय म्हण, म्हनलं. तुज्या हाकंला." त्यांचा आवाज फुटला. "तीस वर्सं लाँच चालीवली, आन् आज मी असं म्हनलो."

हौसाक्कानं त्यांच्याकडं खालून वर पाहिलं. "मंग? थांबली न्हवं ती?"

"थांबली."

"तुमचं ऐकलं न्हाय तिनं," हौसाक्का म्हणाली, "पर तुमीच शिकवल्यालं इसरली न्हाय. आता रडताय कशापायी? भोपळा उचला त्यो, मला जीप गाठायचीया."

आबांना भोपळा कुठला उचलतोय! पण त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून बाकाच्या कडेपर्यंत सरकवला, तिथून पुढं इतरांनी घेतला.

दत्ता तराफ्यावर चढला होता. आबांची पिशवी त्यानं सवयीनं उचललीच होती. ती हातात धरून तो उभा राहिला, गाडीकडं बघत, मग बापाकडं बघत.

"आवं, ती ऱ्हाऊ द्या तिथंच," सुवर्णा म्हणाली. "धाला माघारी जायचंय आमाला."

दत्तानं पिशवी खाली ठेवली. पण उतरला नाही. सावरदेवला जाऊन यायचं म्हणजे त्याचा सगळा दिवस पाण्यात जायचा, म्हणून तर दोनदाच यायचा तो.

"धाला निघालो तर पावणेअकराला घरी," तो हळूच म्हणाला. "जेवून दुपारी परत फिरता येईल ना?"

"यील की," सुवर्णा म्हणाली. "बसा हितं, वजन मधी घ्या."